बगळीची साक्ष

"ब्रेक जळाले तेव्हा गाडी न्यूट्रलला कुणी टाकली होती?" वर्कशॉपच्या तेजस्विनी मॅडमनी गाडीलाच विचारलं. वाढीव वॉरंटीच्या क्लेमसाठी हल्ली गाडीची साक्ष घेतात. गाड्या खोटं बोलत नाहीत, असं सगळेच धरून चालतात.

दिगंबर शेटे खाली मान घालून उभे होते. उतारावर न्यूट्रल टाकायची त्यांची खोड पेट्रोलच्या गाड्यांपासूनची. काल खंबाटकी घाट उतरताना त्यांच्या या पांढऱ्या गाडीने, बगळीने, तीनदा विनवलं होतं, "काका, नको ना." त्यांनी तिला गप्प बस म्हटलं होतं.

"मी टाकली," बगळी म्हणाली. "काकांनी हातही लावला नव्हता."

शेटेंनी बोलायला तोंड उघडलं, मग ब्रेकचा खर्च आठवून मिटलं.

"म्हणजे दोष गाडीचा. क्लेम मंजूर," मॅडम म्हणाल्या. "ब्रेक नवे आणि गाडीचा मेंदूही नवा. इथे सही करा."

"मेंदू राहू दे की."

"सदोष भाग बदलावाच लागतो. नाहीतर तिची साक्ष खोटी होती, असं लिहून द्या."

शेटेंनी सही केली.

संध्याकाळी ते गाडीत बसले. सीटवर त्यांच्या दिवंगत बायकोने विणलेलं कव्हर तसंच होतं. बगळी हे नावही तिनेच ठेवलेलं.

"नमस्कार सर," गाडी म्हणाली. "मला कोणत्या नावाने हाक माराल?"

"नाव नको," शेटे कसेबसे म्हणाले. "फक्त उतारावर माझं ऐकू नकोस."