जुना आवाज

सत्त्याऐंशी साली यांनी आमच्या टर्बो डिझेल ट्रकचा सायलेन्सर काढून द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात रुंद पाइप बसवून घेतला. म्हणाले, "आता चांदवडचा घाट चढताना गाडीचा दम कोंडणार नाही."

पूर्वी ट्रकचा घोगरा आवाज वळणावर आला की मी तव्यावर भाकरी टाकायची. नवा आवाज मला ओळखूच येईना.

सासूबाईंना दिसत नव्हतं, पण कान तिखट. त्या मात्र रोज दुपारी यांचं नाव घेऊन म्हणायच्या, "धोंडू आला गं, भाकरी टाक." बाहेर कुणी नसायचं.

"कान वाजतात तुमचे, आत्याबाई," म्हणून मी हसायची.

एका दुपारी हे आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "हा कोण गं बसलाय ताटावर?"

मी हसणार, तोच वळणावरून तो जुना, घोगरा आवाज आला. दाराशी येऊन थांबला. आमचा ट्रक तर अंगणातच उभा होता.

"आये, दार उघड." हाक यांच्याच आवाजातली होती.

सासूबाई चाचपडत दाराकडे निघाल्या.

यांनी ताटावरून मान वर केली नाही. हळूच म्हणाले, "तिला कडी काढू देऊ नकोस."