खड्ड्याची उलटी बाजू

जावई आला तेव्हा ताईच्या भावाचा थ्रीडी प्रिंटर पिवळ्या प्लास्टिकचे शेवटचे थर चढवत होता. तापलेल्या प्लास्टिकचा वास जावा म्हणून खिडकी सताड उघडी होती.

"साहेबांचं खेळणं जोरात दिसतंय," जावई हसत म्हणाला. एका हातात फळांची पिशवी होती, दुसऱ्या हाताशी पाच वर्षांची चिमणी. हुकमाचा पत्ता घेऊनच आला होता तो. चिमणीचे केस नुकतेच पुढून कापलेले होते आणि थेट भुवयांवर येत होते. ताईला बघताच ती तिच्या कुशीत घुसली. ताईने तिला एका हातानेच आवळलं. दुसरा हात गळ्यात बांधलेला होता.

चार दिवसांपूर्वी याच माणसाने तो हात पिरगाळून ताईला दाराबाहेर ढकललं होतं आणि लेकीला आत ठेवून कडी घातली होती. आता म्हणे, झालं गेलं विसरू. ताईची बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती. लेक त्या घरात, म्हणजे ताईही त्याच घरात. दुसरा हिशोब तिला येत नव्हता.

"संसारात भांड्याला भांडं लागतंच," चिमणीची आजी लेकीला म्हणाली. "जावईबापूंनी चार पावलं मागे घेतली, आता तूही घे."

"भांड्याला लागतं, आई. भिंतीलाही लागतं," भाऊ म्हणाला.

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

प्रिंटर थांबला. भावाने पातळ पातं घालून ती पिवळी वस्तू तळापासून सोडवली आणि टीपॉयवर, फळांच्या शेजारी ठेवली. कपाळाचा उंचवटा, खाली एक भुवई, नाकाची नुसती सुरुवात.

"परवा ताईचे कपडे आणायला गेलो होतो ना, तेव्हाचं आहे हे. चिमणी झोपलीय म्हणाले दाजी, भेटूही दिलं नाही. बेडरूमच्या दारामागे भिंतीत खड्डा होता. हे फोनवर बोलत होते तेवढ्यात गुडघ्यावर बसून साठ फोटो काढले. एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते सगळे फोटो जोडून हुबेहूब आकार काढून देतं. मी तो उलटा केला. खड्ड्यात जे शिरलं होतं ते हे." तो आईकडे वळला. "हात दारात सापडला म्हणतात ना हे? मग ताईचं डोकंही दारातच सापडलं का, विचार."

"कपाट सरकवताना कोपरा लागला भिंतीला," जावई म्हणाला. त्याच्या जिभेवर नेहमी साखर असे, तशी ती आत्ताही होती. "पातळ भिंती त्या. बोट लावलं तरी खड्डा पडतो."

आजीने त्या वस्तूकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. कपाटाला भुवई नसते, हे तिलाही कळत होतं.

ताईने ती वस्तू उचलली. तिच्या तळव्यात ती सहज मावली.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"ताई, आता तरी त्यांना पाठीशी घालू नकोस."

"नाही रे. डोकं नाही आपटलं माझं. हातच पिरगाळला. आणि मी निघाले तेव्हा त्या भिंतीला खड्डा नव्हता."

जावई मोठ्याने हसला. "घ्या! फुकटच्या सॉफ्टवेअरचे फुकटचे उद्योग. केवढंसं आलंय बघा! माप चुकलंय साहेब तुमचं."

भावाचा चेहरा पांढरा पडला. "माप चुकलेलं नाही," तो म्हणाला. "फोटोत मोजपट्टी ठेवली होती मी."

ताईने वस्तू खाली ठेवली आणि चिमणीचे केस वर सारले. कपाळावर जांभळी सूज होती, मधोमध काळी खपली, आणि भुवईपाशी एक चीर.

"मी आई हवी म्हणून रडत होते," चिमणी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "मी शहाण्यासारखं नाही वागले."

जावई उठला. त्याने आधी प्रिंटर टेबलावरून ओढून खाली आपटला. भाऊ आडवा आला तशी त्याची मानगूट धरली आणि तोंड टेबलाच्या कडेवर हाणलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हात सरावाचा होता. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. भाऊ गुडघ्यांवर कोसळला, त्याच्या हनुवटीवरून रक्त शर्टात उतरलं.

ताईने प्रिंटरच्या प्लास्टिकचं किलोभराचं रीळ उचललं आणि एका हाताने जावयाच्या कानशिलावर घातलं. तो भेलकांडला, पण पडला नाही. वळून त्याने तिचा गळ्यात बांधलेला हातच पकडला आणि पिळला. ताई खाली वाकत गेली. तिने ओठ इतके आवळले की ते फुटले, पण तोंडातून आवाज निघाला नाही.

चिमणी उठली. कोणी काही सांगितलं नव्हतं. ती रडतही नव्हती. खिडकीपाशी जाऊन तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि रोजचं काम उरकावं तशी दोन्ही दारं ओढून घेतली. मग कडी नीट बसली का, ते दाबून पाहिलं.

आजी ते बघत होती.

ती उठली. तिने नातीला स्टुलावरून उचलून कडेवर घेतलं, कडी काढली आणि दोन्ही दारं धाडकन भिंतीवर आपटेपर्यंत उघडली.

"ओरड, पोरी," ती ताईला म्हणाली. "ओरड."