कागदाचं मुंडकं

ठकीच्या आजीने उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. मग ठकीला शाळेतून न्यायला आल्यावर कालच्या पोरीएवढ्या बाईंचं काय ऐकणार!

दुसरीच्या पोरांनी फुग्यांवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवून मुंडकी केली होती, नाक, डोळे, तोंड रंगवलं होतं. वाळल्यावर फुग्याच्या गाठीशी टाचणी टोचून आतला फुगा फोडायचा. सगळ्यांचे फुटले. ठकीने मात्र गाठसुद्धा कागदाखाली गाडून टाकली होती, त्यामुळे तिचा फुगा आतच राहिला.

"राहू दे, आजी. तसंच घरी न्या," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे अर्धवट काम चालत नाही."

आजीने मुंडकं ठकीच्या मांडीवर दिलं. "पोटाशी घट्ट धर गं," म्हणाली, आणि बाईंची कात्री उचलून टाळूत खुपसली.

फट्ट झालंच नाही.

आजीने कात्री ओढली. आतून कुणीतरी उलटी ओढली.

"हलू नकोस, मेले!"

"मी नाही हलत. आजी, सोड ना. आतला तो हिसकावून घेतो."

आजी इरेला पेटली. पात्यालाही धरून दोन्ही हातांनी ओढायला गेली, तोच असा हिसका बसला की तिचा तळवा उभा चिरला आणि कात्री भोक फाडून कड्यांसकट आत गेली. पांढऱ्या टाळूवर रक्त ओघळलं.

आत कचकच सुरू झाली.

"ठकी, टाक ते! टाक खाली!" आजी ओरडली.

ठकीने दोन्ही हात वर केले. मुंडकं पडलं नाही. रंगवलेल्या तोंडाने तिचा फ्रॉक पोटाशी पकडून धरला होता.

कागदाची कचकच थांबली. आता कापड कापल्याचा आवाज येत होता.