वरच्या मजल्यावरचा सूर

"अर्जबिर्ज बास झाले. आता वर जाऊन दारातच उभा राहतो तिच्या," शरच्चंद्र वर्तक म्हणाले आणि हातातली कानस त्यांनी टेबलावर आपटली.

समोर पेटी उघडी पडली होती. मालाडला नंदूचं वाद्यांचं दुकान होतं, तिथून ती दुसऱ्यांदा परत आली होती. वरचे सूर चढे लागलेत म्हणे. बत्तीस वर्षं वर्तक पेट्यांचे सूर लावत होते. बोरिवलीतली झाडून सगळी भजनी मंडळं त्यांच्याच हातची पेटी मागायची. आणि हा नंदू, काल दुकानात बसायला लागलेला पोरगा, चिठ्ठीत लिहितो, 'काका, जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे देतो.'

जमत नसेल तर. हे वर्तकांना. नंदूचं काम गेलं की बाकीचं जायला काय वेळ लागतो? पेटीवाल्यांत बातमी लगेच फिरते.

पण नंदूवर चिडून उपयोग नव्हता. दोष सगळा त्या वरच्या नीलाचा.

नीला सामंत कॉलेजात फिजिक्स शिकवायची. जूनमध्ये ती वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली आणि भावाने लंडनहून पाठवलेला कॉम्प्युटर तिने टीव्हीला जोडला. त्यात आकडे टाइप करायचे आणि त्यातून आवाज काढायचे, हा बाईंचा उद्योग. कधी बासरीसारखं काहीतरी, कधी नुसतंच घर्र, कधी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. अख्खी बिल्डिंग कावली होती. शेवटी सोसायटीने मीटिंग घेऊन तिला तंबी दिली. तिने मुकाट्याने मान डोलावली, हेडफोन आणले, आणि सगळ्यांचा त्रास थांबला.

वर्तकांचा सोडून. सकाळच्या चहापासून एक बारीक, टोकदार सूर वरून सुरू व्हायचा तो थांबायचंच नाव घ्यायचा नाही. पेटीतली सुराची पितळी पट्टी घासून वाजवून बघावी, तर तो मेला सूर तिच्यावर येऊन बसायचा. अशात माणसाने सूर लावायचा तरी कसा? हेडफोन म्हणे. नुसती थापेबाजी. मोठे आवाज बंद केले आणि हा बारीक तेवढा चालू ठेवला, कारण बाकीच्यांना तो कळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला नाही हो येत ऐकू," त्यांच्या पत्नी शुभाताई एकदा म्हणाल्या होत्या.

"तुझा कान भाजीवालीच्या हाकेपुरता. सुराचं तुला काय कळतंय?"

शुभाताईंनी त्यानंतर तो विषय काढला नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिराम परब वही घेऊन खालून आले. वर्तकांना ऐकू येतंय म्हणजे आवाज असणारच, याबद्दल बिल्डिंगमध्ये कुणाला शंका नव्हती. आज वहीत नोंद झाली की महिनाअखेर नीलाने खोली सोडायची, असं ठरलं होतं.

"पोरगी तशी वाईट नाय ओ," परब जिना चढताना म्हणाले. मागून शुभाताईही येत होत्या.

"माझ्या पोटावर पाय देतेय ती, परब. चांगली म्हणू तिला?"

नीलाने दार उघडलं. तिघांना बघून ती बावरली, पण आत या म्हणाली. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी टीव्ही. पडदा निळा उजळलेला होता.

"आवाज बंद आहे, काका. मी पेपर तपासत होते."

"खोटं बोलू नकोस. मग हे काय वाजतंय?"

नीला काही क्षण कान देऊन उभी राहिली. मग खुर्चीत बसली. "कसा आहे आवाज? मी लावून बघते. तुम्ही फक्त वर की खाली ते सांगा."

"तुला माहीत नाही वाटतं? लाव."

तिने हेडफोन उपसून स्पीकर जोडला आणि आकडा टाइप केला. शिट्टीसारखा सपाट सूर खोलीभर झाला.

"वर घे," वर्तक म्हणाले. "अजून वर. अजून. आता चढला. किंचित उतरव. केसभर."

डोळे मिटून, मान कलती करून ते सांगत होते आणि ती आकडे बदलत होती. राग होताच, पण आता त्यात ऐटही आली होती. नंदूने यावं आणि बघावं, त्यांना वाटलं.

"हाच," ते म्हणाले. "तंतोतंत हाच. पकडली की नाही चोरी?"

पडद्यावर पाच हजार आठशे चाळीस हा आकडा होता.

"नक्की हाच, काका?"

"बत्तीस वर्षांचा कान आहे हा. चुकत नाही."

शुभाताई दाराशीच उभ्या होत्या. "असा वाजतो होय हो तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिवसभर. पटलं ना आता?" वर्तक नीलाकडे पाठ करून परबांसमोर उभे राहिले. "लिहा, सेक्रेटरी. वेळ पाच वाजून दहा मिनिटं. आमच्या समक्ष यंत्रातून तोच आवाज काढला गेला. आक्षेप घेऊनही बंद केला नाही."

परबांनी दोन शब्द लिहिले आणि त्यांचं पेन थांबलं. ते वर्तकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"थांबलात का? लिहा ना. अजूनही चालूच आहे म्हणून लिहा. तुमच्यासमोर वाजतोय, परब, अजून किती पुरावा पाहिजे?"

शुभाताईंनी तोंडाला पदर लावला. वर्तकांच्या पाठीमागे पडदा काळा झाला होता, आणि भिंतीतून उपसलेला प्लग हातात धरून नीला केव्हाची उभी होती.