यादीतलं शेवटचं नाव

रविवारी दुपारी चारला सर्व्हर बंद व्हायचा होता. ऑपरेटरने ऑफिसातून सगळ्यांना निरोप धाडला, "दहा मिनिटं उरलीत. कामं सेव्ह करा."

स्क्रीनवरच्या लॉग-इन यादीतली नावं भराभर गळाली. एक मात्र हलेना. असा कुणी चिकटून बसला की फोन करून उठवायचं, ही ऑपरेटरची जुनी खोड. पण हे नाव त्याचं स्वतःचंच होतं, घरच्या कॉम्प्युटरवरून जोडलेलं.

त्याने बायकोला फोन लावला. "माझ्या कॉम्प्युटरवर कोण बसलंय गं?"

"तुम्हीच की! मघाशी आलात ते तोंडातून एक शब्द नाही." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अहो... पण फोनवर कोण बोलतंय?"

तेवढ्यात ऑपरेटरच्या स्क्रीनवर त्याच्याच नावाने निरोप उमटला, "पाच मिनिटं उरलीत. तिच्याशी काय बोलायचं ते बोलून घे."