पिस्ता रंगाचं छत

"काकू, मी हिरवी का दिसतेय?"

नवऱ्याच्या पश्चात फोटो स्टुडिओ चालवायला घेतलेल्या कुमुदताईंचं ही मुलगी म्हणजे पहिलंच गिऱ्हाईक. फोटो स्थळाला पाठवायचा होता. कुमुदताईंना हे काम जमलं नाही, तर त्यांचा मुलगा दुकान भाड्याने देऊन टाकणार होता.

मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणेच त्यांनी फ्लॅश चेहऱ्यावर न मारता छताकडे वळवला होता, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला.

"छत पांढरंच हवं," शिकवणारा म्हणाला, "नाहीतर छताचा रंग चेहऱ्यावर उतरतो."

कुमुदताईंनी वर पाहिलं. पिस्ता.

दर दिवाळीला त्या ह्याच रंगासाठी नवऱ्याशी भांडायच्या आणि दर दिवाळीला ते शिडीवर चढून पांढराच द्यायचे. "तुला नाही कळायचं," एवढंच म्हणायचे. ते गेल्यावर कुमुदताईंनी हौस भागवून घेतली होती.

"सांगितलं असतंत, तर कळलं असतं की!" त्या छताकडे बघून म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"मग माझा फोटो?" मुलीने विचारलं.

"उद्या सकाळी. आधी ही शिडी खालून घट्ट धर. मी धरायचे, तशी."