रद्दचं बटण

"अहो आई, छान आहे," सून म्हणाली आणि सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली.

सकाळपासून हेच चाललं होतं. सासूबाई घरबसल्या सॉफ्टवेअरमधले इंग्रजी शब्द फ्रेंचमध्ये आणायचं काम करत. या खेपेला डॉक्टरांची वेळ ठरवायचं ॲप होतं. सुनेला फ्रेंच येत होतं, म्हणून त्यांनी तिला शेजारी बसवून सगळं वापरून बघायला लावलं होतं. बिनधास्त चुका काढ, असं बजावलंही होतं. पण सून कसली चुका काढते! लग्नाला वर्ष झालं तरी ती या घरात पाहुणीसारखी वावरायची. पंखा लावला तरी चालेल, बंद केला तरी चालेल. परवा लेकानं चाचरत सांगितलं, की रविवारी ते दोघं वेगळं घर बघायला जाणार आहेत. तिला इथं अवघडल्यासारखं होतं. सासूबाईंना ते फार लागलं. त्यांनी सुनेवर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

आता सून ठरवलेली वेळ रद्द करून बघत होती. पडद्यावर प्रश्न आला, वेळ रद्द करायची का? खाली दोन बटणं. एकावर 'ओके', दुसऱ्यावर 'आन्यूले', म्हणजे रद्द. सुनेनं अर्थातच 'रद्द' दाबलं. प्रश्न गेला, वेळ जिथल्या तिथं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

काही अडलं का, असं सासूबाईंनी विचारलं. छे, माझंच चुकत असेल, असं सून पुटपुटली.

सासूबाईंनी शब्दकोश पुढे ओढला. शब्द कसा चोख आहे ते समजावलं. मग पुन्हा समजावलं. या जागी फ्रेंचमध्ये वर्षानुवर्षं हाच शब्द लिहितात, हेही सांगून झालं. सुनेचे कान लाल होत गेले.

"अगं आई, शब्द बरोबर आहे गं," ती एकदम म्हणाली. "पण इथं रद्द करणंच रद्द होतंय. तू स्वतः एकदा दाबून बघ ना."

मग तिनं जीभ चावली. सासूबाईंनी निमूटपणे माऊस हातात घेतला, दाबून बघितलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कोण जाणे किती पेशंटांना त्या बळेच दवाखान्यात धाडणार होत्या. 'रद्द'च्या बटणावर त्यांनी 'वेळ राहू द्या' या अर्थाचे शब्द घातले. सुनेनं खुर्ची पुढे ओढली. दुपारपर्यंत तिनं चुकांचा नुसता सपाटा लावला. जेवताना नवऱ्याला परस्पर सांगूनही टाकलं, की रविवारी घर बघायला जमणार नाही, आईचं काम अर्धं राहिलंय.

संध्याकाळी ॲपवाल्या कंपनीच्या तरुण मॅनेजरचा फोन आला. आतापर्यंत पाठवलेलं काम पसंत होतं, फक्त एक विनंती होती. हल्ली ॲपनं माणसाशी जवळिकीनं बोललेलं लोकांना आवडतं. फ्रेंचमध्येही मराठीसारखंच 'तू' आणि 'तुम्ही' असतं. तर सगळीकडे 'तुम्ही' काढून 'तू' करता येईल का?

"आई, तुझा चहा गार होतोय," स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला.

"ॲपमध्ये 'तुम्ही'च असू द्या," सासूबाई मॅनेजरला म्हणाल्या. "आमच्या घरात 'तू' यायला वर्ष लागलं."